भगवानची मऊ जीप

मागच्या हप्त्यात संभाजीनगरहून तिघं जण भगवानची जीप पाह्यला आल्ते. डोंगरात आन् चिखलात गाड्या घालायचा ज्यांना शौक असतो, त्यातले ते. भगवानच्या पोरानं जीप विकायला काढली हाय, आन् त्याच्या दारात जागा न्हाई म्हणून ती माझ्या वस्तीवर लिंबाखाली उभी हाय. त्यातल्या एकानं ती आमच्या नाल्यातून नेली, पल्याडच्या चढावर चढवली, माघारी आणली. उतरला आन् खाली वाकून चाकांच्या मधी पाहत बसला.

"बाबा, दिसायला तर हिच्यात काहीच नाही. उंच नाही, भारी सामान नाही. मग इतकी मऊ कशी चालते? पाटे कोणते टाकलेत?"

मी सांगाया लागलो आन् दुसऱ्याच वाक्याला अडकलो. ह्या गाडीच्या पाट्यांचं सांगायचं तर माझ्या बायकोचं सांगावं लागतं, आन् तिचं सांगायचं तर तिच्या भावाचं. परक्या माणसांपुढं ते मला जमलं न्हाई. चहा ठेवतो म्हणून आत गेलो. चहाबी मला धड जमत न्हाई. त्यांनी अर्धा अर्धा पिऊन कप खाली ठेवले आन् गेले.

माझी शाळा चौथीपर्यंत. पण तोंडानं सांगताना जे नरड्यात बसतं ते कागदावर उतरतं असं दिसतंय. म्हणून लिहून राह्यलो.

भगवान माझा मेहुणा. बायकोच्या पाठचा. गाव पिंपळगाव रेणुकाई. ठेंगणा, खांद्यात रुंद, आन् भुवयांत कायम पीठ. पिठाच्या गिरणीवर त्याची सारी हयात गेली. गिरणीच्या पट्ट्याच्या खडखडाटात वरडून बोलायची सवय लागली, पुढं कान गेले, मंग ऐकू येत न्हाई म्हणून आणखी वरडाया लागला. त्याला हळू बोलणं ठाऊकच न्हवतं. तो कानाला तोंड लावून काही सांगाया लागला की म्या आधी आजूबाजूला कोण हाय ते पाहायचो. त्याची कानगोष्ट पल्याडच्या आळीला जायची.

तो मला दाजी म्हणायचा आन् तिला अक्का. तिचं नाव म्या चारचौघांत कधी घेतलं न्हाई, आमच्यात घेत न्हाईत. आता ती न्हाई तर घेतो. कौसल्या.

भगवानला नाद एकच, ती जीप. मिलिटरीच्या लिलावातली, चारी चाकं ओढणारी. गिरणी पोराच्या हाती दिली आन् हा गाडीखाली झोपाया लागला. आसपासचे पाच-सहा शौकीन होते, त्यांच्यासंग डोंगराच्या अंगाला जायचा, दगडागोट्यांतून गाड्या चढवायच्या, माघारी यायचं. कशासाठी, ते मला शेवटपर्यंत कळलं न्हाई. "वर काय हाय रे?" म्हणून एकदा विचारलं तर म्हणला, "वर काय न्हाई दाजी. चढणं हाय."

त्याची एक खोड होती. कुठंबी गाडी उभी दिसली की तिच्या कोपऱ्यावर दोन्ही हात ठेवून अंगाचा भार टाकायचा आन् सोडायचा. गाडी एकदा वर येऊन जागेवर थांबली तर मान हलवायचा. झोके खात राह्यली तर तोंड वाकडं करायचा. तीर्थपुरीला आमच्या पुतणीचं लगन होतं. नवरदेवाच्या बापाची नवी कोरी मोटार मांडवाच्या दारात, फुलांनी मढवलेली. इकडं भटजी मंगलाष्टकं म्हणून राह्यले, तिकडं ह्यानं मोटारीवर भार टाकला. मोटारीचा भोंगा आपोआप बोंबलाया लागला. मांडव मागं वळला. नवरदेवाचा बाप धावत आला तर हा त्याला म्हणतो, सगळ्या मांडवाला ऐकू जाईल असा, "मागचा शॉकअप गेलाय पाव्हणं. फसवलं तुम्हाला."

कौसल्या पदरात तोंड घालून हसत होती. मी लाजंनं मेलो. पोरीकडचे लोक आपण, आन् ह्यो माझा मेहुणा. पण सातव्या दिवशी त्या पाव्हण्याचाच फोन आला, दुकानवाल्यानं शॉकअप बदलून दिला म्हणून. भगवानला सांगितलं तर त्याला त्याचं काय न्हाई. म्हणला, "मंग? म्या खोटं कशाला बोलू?"

आता पाट्याचं सांगतो, न्हाईतर पुढचं कळणार न्हाई. पाटा म्हंजे चाक आन् गाडीचा सांगाडा ह्यांच्या मधी असती ती लोखंडी पट्ट्यांची चवड. एकाखाली एक, कमानीवानी वाकवलेली पानं. खड्ड्यातला हिसका आधी पाटा खातो, उरलेला माणूस खातो. आन् शॉकअप म्हंजे त्या पाट्याला आवरणारी नळी. ती नसली तर गाडी बकरीवानी उड्या मारत ऱ्हाती.

डोंगरावर जाणाऱ्यांना गाडी उंच लागते. भगवाननंबी कुठून कुठून सामान आणून जीप वीतभर उचलली होती. जाड पानांचे नवे पाटे, पिवळे शॉकअप, मोठे टायर. ती घेऊन पहिल्यांदा आमच्या वस्तीवर आला तवा गाडी हाय का मिरवणूक हाय, असा थाट. "चल अक्का, हसनाबादच्या बाजाराला." अक्कानं पाय उचलला, तो पायरीपर्यंत पोचंना. पुन्हा उचलला. मंग कमरेवर हात ठेवून उभी राह्यली.

"भगा, ही गाडी हाय का माळवद? माळवदावर जायला शिडी ठेवत्यात. तुझी कुठं हाय?"

हा खट्टू झाला. लाकडी चौरंग आणून ठेवला. ती बसली. नाल्यात उतरलो तवा तिचं डोकं टपाला लागलं. माघारी येईपर्यंत ती त्याला बोलत होती आन् तो इकडून "हां अक्का, हां अक्का" करत होता. ऐकू किती येत होतं देव जाणे.

मंग कौसल्याला ते दुखणं निघालं. आधी पाठ दुखती म्हणली. आम्ही चोळलं, शेकलं. जालन्याच्या दवाखान्यात फोटो काढला तवा मणक्यात गाठ निघाली. डाक्टर म्हणले, मशीनचा शेक द्यावा लागंल, रोज यायचं, सलग पाच-सहा हप्ते. दवाखान्याजवळ खोली करून ऱ्हावा. तिनं ऐकलं न्हाई. "परक्याच्या भिताडाकडं पाहत मरायचं न्हाई मला. म्या रोज घरी येणार."

आमची वस्ती हसनाबादपासून आत हाय. हसनाबादेतून जालन्याला डांबरी हाय, पण तिथपर्यंत आमचा शिवरस्ता. काळी माती. दिवस पावसाळ्याचे. त्या मातीत चाक फिरलं की चिखलाची जाड भाकर चढते आन् गाडी बसते. मधी नाला. अँब्युलन्सवाला पहिल्याच दिवशी नाल्यावरून माघारी फिरला. ट्रॅक्टरवर तिला बसवत न्हवतं. राह्यली भगवानची जीप.

त्याला फोन केला न्हाई, मला सांगायलाबी लाज वाटत होती. आमच्यात जावयानं मेहुण्याच्या दारात मान घ्यायचा असतो. हात पसरायचा नसतो. पण त्याला कुणाकडून तरी कळलं. सकाळी उठून पाहतो तर जीप दारात आन् हा चौरंग काढून राह्यला.

"दाजी, कवा निघायचं?"

तिला चौरंगावर चढवत न्हवतं. माझी कंबर आधीच गेलेली, म्या उचलाया गेलो तर माझाच तोल जाया लागला. भगवाननं मला बाजूला केलं. वाकला. तिनं त्याच्या मानंभोवती हात टाकला आन् त्यानं तिला उचलून आत ठेवली. लहानपणी ती त्याला कडेवर घेऊन हिंडायची म्हणे. माझी बायको, आन् तिला उचलायला दुसरा माणूस. म्या तिची पिशवी धरून उभा होतो.

त्या दिवशी जाऊन आलो. सगळ्या रस्त्यानं ती काही बोलली न्हाई. भगवान आरशात पाहून विचारायचा, "बराबर हाय ना अक्का?" ती मान हलवायची. ह्याला वाटलं, आपली गाडी भारी. नाला तर त्यानं असा काढला की मलाबी वाटलं, वा. घरी उतरवताना तिचा पदर खाली पडला. भगवाननं उचलला. पदराचा कोपरा चावून चावून चिंध्या झाल्ता, आन् त्याला रगत होतं.

भगवाननं तो कोपरा हातात धरून पाह्यला. तिला आत नेऊन टेकवली, बाहेर आला आन् जीपच्या मागच्या कोपऱ्यावर भार टाकला. गाडी जागची हलली न्हाई. दगडावानी. पुन्हा टाकला. मंग तिथंच चिखलात खाली बसला आन् मुठीनं त्या नव्या पाट्याला मारलं.

"डोंगरासाठी केली म्या ही," म्हणला. "माणसासाठी न्हाई केली."

दुसऱ्या दिवसाला सुट्टी होती, शेक न्हवता. हा मला घेऊन जालन्याला गेला, सामानाच्या दुकानात. काउंटरवर चष्मेवाला शिकला-सवरला माणूस. त्यानं विचारलं, "काका, किती इंच उचलायची?"

"उचलायची न्हाई. उतरवायची."

"उतरवायची? ऑफरोडची गाडी आहे ना? लोड किती असतो मागं?"

"एक बाई."

"एक बाई आणि?"

"एक बाई. आजारी हाय. चाळीस किलोची."

त्या माणसानं चष्मा काढला आन् मन लावून सांगाया लागला. जड पाटा मोठ्या वजनासाठी असतो, हलकं माणूस त्याला दाबूच शकत न्हाई, म्हणून सगळा हिसका माणसात जातो. पानं कमी करा. पण कमी करताना सांभाळून, फार कमी केली तर गाडी नाल्यात खाली आदळंल, आन् तो दणका आधीपेक्षा वाईट. भगवानला निम्मं ऐकू आलं, निम्मं त्यानं माझ्याकडून वदवून घेतलं. भर दुकानात म्या त्याच्या कानात वरडून राह्यलो, "खाली आदळंल म्हणत्यात! आदळंल!" गिऱ्हाइकं हसत होती.

पण भगवान काही लगेच ऐकणाऱ्यातला न्हाई. घरी आला आन् पाट्यातली निम्मी पानं काढून टाकली. मऊ म्हंजे मऊ, ह्यो म्हणला. मंग त्यानं आमच्या घरातला दह्याचा गंज, म्हंजे उभट पातेलं, मागितला. रातीचं विरजलेलं, घट्ट दही. तो गंज कौसल्या बसती तिथं ठेवला आन् शिवरस्त्यानं नाल्यापर्यंत जाऊन आला. दही फुटलं तर गाडी फुटली, असा त्याचा हिशोब. नाल्यात गाडी खाली आदळली, दणका घरापर्यंत ऐकू आला. गंज पाह्यला तर दह्याचं ताक झालेलं, आन् टपाला लागलेलं.

आतून कौसल्या विचारती, "काय करून राह्यलास रे भगा माझ्या दह्याचं?"

"तुझी पाठ पाहून राह्यलो अक्का."

"मंग माझ्या पाठीवर झाकण तरी ठेव."

त्या दुखण्यात ती हसली ते मला आठवतं.

मंग मात्र तो दुकानवाल्याच्या मताला आला आन् त्याच्याही पुढं गेला. भंगारातून एका जुन्या हलक्या गाडीचे लांब, पातळ पानांचे पाटे आणले. भोकरदनच्या लोहाराकडून त्यांची कमान नव्यानं करून घेतली. पानांच्या मधी ग्रीस भरलं. पाटा जिथं सांगाड्याला अडकतो तिथले वाळलेले रबर काढून नवे बसवले. जुने नरम शॉकअप टाकले, तेही सैल पडू ने म्हणून एकेक हातानं दाबून पाह्यले. टायरातली हवा कमी केली. मंग मधल्या जागेत, दोन्ही चाकांच्या बराबर मधी, वाळूच्या गोण्या अंथरल्या, भारानं पाटा जरा दबता ऱ्हावा म्हणून. मागचं बाकडं उपसून फेकलं. "मागच्या चाकावर बसलेल्याला हिसका जादा," म्हणला. त्या गोण्यांवर गादी टाकली. तिचं डोकं आमच्या दोघांच्या सीटच्या बराबर मागं येईल अशी.

रोज शेकाहून माघारी आलो की एक गोष्ट बदलायचा, रोज सकाळी निघायच्या आधी दही न्यायचा. आमच्या घरी त्या दिवसांत निव्वळ ताक आन् कढी. एका सकाळी नाला ओलांडून आला आन् गंज उघडून माझ्या पुढं धरला. दही होतं तसं होतं, चमचा टाकला तर कापल्यावानी. गंज घेऊन थेट आत गेला आन् अक्काच्या उशाशी ठेवला.

अक्कानं दही पाह्यलं, भावाकडं पाह्यलं. म्हणली, "आता खाऊ का न्हाई? का हेबी गाडीलाच लागतं?"

त्या दिवसापास्नं ती गाडीत निजून जाया लागली. खडखड न्हाई, कुरकुर न्हाई. नव्या रबरांनी सांगाड्याचा आवाजच खाऊन टाकला होता. डांबरीवर तर माणूस पाळण्यात निजल्यावानी. त्याचे शौकीन दोस्त एकदा हसनाबादच्या चौकात भेटले. जीप खाली बसलेली पाहून एक जण म्हणला, "भगवानराव, म्हातारी केली की गाडी." हा इंजन चालू ठेवून म्हणला, "हळू बोल, मागं अक्का निजलीय." आन् हे त्यानं एवढ्या मोठ्यानं सांगितलं की ती जागी झाली.

शेक संपले. उपेग झाला न्हाई. शेवटी डाक्टरांनी फोटो उजेडावर धरला आन् म्हणले, आता घरीच ठेवा, जेवढं करता येईल तेवढं करा. कौसल्याचं बोलणं तोवर बंद झाल्तं. डोळे मिटून ऱ्हायची. निजली हाय का जागी हाय, कळत न्हवतं.

त्या दिवशी माघारी येताना नाल्याला पाणी जादा होतं. भगवाननं अलीकडं गाडी उभी केली, पाणी उतरायची वाट पाहत. इंजन हळू चालू होतं. आम्ही दोघं पुढं. पाऊस न्हवता, वारं न्हवतं. कितीतरी दिवसांची दगदग, दोघांच्याही डोळ्यांत झोप. त्यानं स्टेरिंगवर हात ठेवला आन् म्हणला,

"दाजी, आता सुटली पाह्यजे अक्का. आपलेबी हाल हायत."

आन् म्या म्हणलं, "हां. किती दिस करायचं."

एवढंच. हे बोलणं वाईट मनानं न्हवतं, हे मला माहीत हाय. दमलेल्या माणसांचं होतं. पण ते तिच्या डोक्याच्या वर, हातभर अंतरावर झालं. आन् भगवानच्या आवाजात झालं.

घरी आलो. भगवान रोजच्यावानी वाकला तिला उचलायला. रोज ती त्याच्या मानंभोवती हात टाकायची, कितीबी दुखत असलं तरी. त्या दिवशी तिचा हात तिच्या अंगाशीच राह्यला. त्यानं थोडी वाट पाह्यली. मंग तशीच उचलली. तिचं डोकं त्याच्या खांद्यावर न टेकता मागं लोंबलं. अंगात जोर न्हवता म्हणून असंल. दोन दिवसांनी ती गेली. मधी आमच्यापैकी कुणाकडंच तिनं पाह्यलं न्हाई. पण पाहण्याची ताकदच कुठं होती.

राख सावडायला गेलो तवा सगळे भाऊबंद होते. भगवान माझ्याजवळ आला, कानाला तोंड लावलं.

"दाजी, अक्कानं ऐकलं आसंल का?"

सगळे वळले. माझा चुलतभाऊ म्हणला, "काय ऐकलं?" म्या भगवानचं मनगट धरून त्याला बाजूला ओढलं. म्हणलं, "काय न्हाई, तो दुसरंच काही सांगून राह्यलाय." ऐन राखेपुढं मी ते झाकत होतो.

त्यानंतर त्यानं आमच्या घरचं अन्न घेतलं न्हाई. तेरा दिवस रोज यायचा, पाण्याचे हांडे उचलायचा, मांडवाचे बांबू रोवायचा, पण पानावर बसायचा न्हाई. अन्न जात न्हाई म्हणायचा. तेराव्याला सासरच्या लोकांनी दुखवट्याचा आहेर द्यायचा असतो. कौसल्याच्या माहेरचं आता भगवानच होता. त्यानं माझ्या डोक्यावर टोपी ठेवली, खांद्यावर टॉवेल टाकला. पण माझ्याकडं पाह्यलं न्हाई, आन् मीबी त्याच्याकडं पाह्यलं न्हाई. दोघांचं गुपित एकच, आन् दोघांनाबी ते दुसऱ्याच्या तोंडावर दिसत होतं.

दुपारी पाव्हणे पांगले. मांडवात पत्रावळी उचलणाऱ्या बाया राह्यल्या होत्या. भगवान जीपजवळ जाऊन उभा राह्यला. हात हलवून मला बोलावलं.

"मागं निजा दाजी."

"मागं? कशाला?"

"निजा म्हणतोय ना."

गादी तशीच होती. वाळूच्या गोण्या तशाच. म्या आत शिरलो आन् निजलो. तिच्या जागी. डोकं दोन्ही सीटच्या मागं. उशीला अजून तिच्या तेलाचा वास होता. त्यानं गाडी काढली. शिवरस्त्याला लागलो. तेरा दिवसांत माझं सगळं अंग ठणकून राह्यलं होतं, पण गाडीत काही कळलं न्हाई. खड्डे खाली कुठंतरी होत होते, दुसऱ्याच्या घरात भांडी पडल्यावानी. वर टपाचं कापड दिसत होतं, आन् भगवानची मान. मानंवर पांढरी लव. मला वाटलं, शेवटी तिला इतकंच दिसत असंल.

नाल्याच्या अलीकडं त्यानं गाडी थांबवली. बराबर त्याच जागी. इंजन हळू चालू ठेवलं. वळला न्हाई. आरशात पाहत राह्यला, आन् पुढं तोंड करून बोलला. मुद्दाम मोठ्यानं न्हाई, त्याचा नेहमीचा आवाज.

"दाजी, ऐकू येत आसंल तर हात वर करा."

एकेक अक्षर आलं मला. माझ्या कानाशी बसून बोलल्यावानी. ही गाडी त्यानं इतकी गप्प केली होती की नाल्यातलं पाणीबी ऐकू येत होतं.

माझे दोन्ही हात छातीवर होते. म्या ते तसेच ठेवले. डोळे टपाकडं.

आरशात त्याचे डोळे होते, ते मला दिसत होते. तो पुन्हा बोलला. "दाजी, हात वर करा म्हणतोय." म्या हलकाच श्वास घेत राह्यलो. हात उचलायला कितीसं लागतं. पण ते हात म्या असे दाबून धरले होते की नंतर बोटांना मुंग्या आल्या.

तो उतरला, मागं आला आन् फळी खाली पाडली.

"तुम्ही ऐकलं न्हाई?"

"काय? बोललास का तू काही?" म्हणलं. "इंजनाचा आवाज होता रे."

तो माझ्याकडं पाहत राह्यला. खोटं बोलणारा माणूस त्याला ओळखू येत न्हवता. स्वतः कधी बोलला न्हवता ना. मंग बांधावर जाऊन बसला, पायात मान घालून. त्याचे खांदे हलत होते. मी गाडीतून उतरलो न्हाई. उतरलो असतो तर त्याच्या शेजारी बसावं लागलं असतं, आन् बसलो असतो तर सांगून टाकलं असतं.

बऱ्याच वेळानं तो उठला, पाण्यात तोंड धुतलं.

"दाजी, भूक लागलीय. घरी भाकर हाय का?"

होती. तेराव्याच्या जेवणातलं बाकी सगळं संपलं होतं, सकाळची भाकर आन् कांदा होता. त्याला ओसरीवर पाट मांडला, ताटात वाढलं. मांडवातल्या बाया गेल्त्या, घरात आम्ही दोघंच. तो जेवाया बसला. दुसरी भाकर मागितली. कांदा मुठीनं फोडला. तेरा दिवसांचा उपाशी माणूस जसा खातो तसा खाल्ला.

खाताखाता म्हणला, "बरं झालं दाजी. न्हाई ऐकलं तिनं."

"हां," म्हणलं.

त्या हिवाळ्यात भगवान झोपेतच गेला. मधल्या दिवसांत मी त्याच्याकडं एकदाबी गेलो न्हाई. आज जाऊ, उद्या जाऊ करत राह्यलो. त्याच्या पुढं बसायची माझी हिंमत न्हवती. त्याला मी शेवटचा पाह्यला तो तिथंच, ओसरीवर. मांडी घालून, ताटावर वाकून, भुवया पिठावानी पांढऱ्या, खाली मान घालून जेवताना. मी तांब्यातून त्याच्या पेल्यात पाणी वतत होतो. पेला भरला, वरून पाणी जाया लागलं, ताटाखाली शिरलं. त्यानं ताट उचललं, कोरड्या जागी ठेवलं आन् जेवत राह्यला.